थिजलेल्या तळ्यावरची वाट

हवाई बेटावरील, 1916 साली स्थापन झालेल्या ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात ज्यास पायी हिंडावयाचे असेल, त्याने प्रथम किलाउएआ इकी हे विवर गाठावे. 1959 साली येथे लाव्हाची कारंजी सुमारे 580 मीटर उंच उसळली, आणि त्या रसाचे जे तळे साचले, त्याच्याच थिजलेल्या पाठीवरून आज वाट जाते. नेच्यांच्या ओल्या अरण्यातून सुमारे 120 मीटर उतरताच हिरवाई एकाएकी संपते. मुरलेले पावसाचे पाणी खालच्या उष्णतेने वाफ होऊन काळ्या कातळाच्या भेगांतून वर येते, आणि तशाच भेगांत तांबड्या तुऱ्यांच्या ओहिआची रोपे मूळ धरून असतात. सह्याद्रीचा बेसाल्ट तुडविलेल्या पायांस हा खडक जातीने परका नाही, मात्र वयाने तो कित्येक वाचकांहूनही लहान! दगडांच्या राशींनी दाखविलेली वाट सोडू नये, हा उद्यानाच्या अंमलदारांचा हुकूम जाचक वाटला तरी रास्तच आहे, कारण वरचा पापुद्रा कोठे पोकळ असेल याचा भरवसा नाही.