एक पडदा, दोन संगणक : ‘नो सिग्नल’ या लक्षणाचे निदान

वैद्याच्या टेबलावर पूर्वी केसपेपरचा गठ्ठा आणि पाण्याचा तांब्या एवढेच असे. कळमन्यातील आमच्या चिकित्सालयाच्या टेबलाखाली आज दोन संगणक आहेत आणि टेबलावर मॉनिटर मात्र एकच. जुन्या संगणकात औषधी विभागाचा साठा व बिले असून त्यालाच डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला आहे. विंडोज ७ चे सुरक्षाविषयक साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाल्यानंतर आम्ही तो इंटरनेटपासून तोडला आणि रुग्णनोंदींसाठी नवा संगणक घेतला. दोन मॉनिटर मांडले की रुग्ण व वैद्य यांच्यामध्ये भिंतच उभी राहते. मग जिव्हा व मुख पाहावयाचे कसे? म्हणून मध्ये खटका फिरविण्याची पेटी बसविली. अनेक वैद्यबंधू व औषधी विक्रेते अशीच व्यवस्था वापरतात, सबब आमचा अनुभव येथे मांडीत आहोत.

बाजार समितीच्या यार्डात मिरचीची आवक जोरात होती आणि तिखट धुळीने खोकणाऱ्या हमाल बांधवांची आमच्याकडे रांग लागली होती. साहाय्यकाने जुना संगणक सुरू केला, तेव्हा खटका नव्याच्या बाजूस होता. नंतर खटका फिरविला तर पडद्यावर ‘नो सिग्नल’. संगणक अडकला असे समजून त्याने बटण दाबून धरले. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या खेपेस साठ्याची फाईल बिघडली. शेवटची प्रत अकरा दिवसांपूर्वीची. बॅच क्रमांक व मुदतीच्या तारखा पुन्हा भरण्यासाठी कपाटातील बाटली न् बाटली हाती घेऊन पाहावी लागली. त्यात तीन रात्री गेल्या. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी मॉनिटर निकामी ठरविला. नवा आणला, तर लक्षण तेच! व्याधी एका ठिकाणी आणि चिकित्सा दुसऱ्या ठिकाणी, असा तो प्रकार होता.

संप्राप्ती समजली की गोंधळ ओसरतो. मॉनिटरच्या आत एक लहान स्मृतिपट्टी असते. तीत त्याचा निर्माता, बनावटीचे वर्ष, पडद्याचा आकार आणि कोणकोणती रिझोल्यूशन चालतात ही माहिती साठविलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ती प्रमाणित केली व तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा आहे. संगणक ही माहिती वाचतो आणि मगच योग्य चित्र पाठवितो. १५ पिनांच्या व्हीजीए केबलमध्ये हे संभाषण १२ व १५ क्रमांकाच्या पिनांवरून चालते. (नववी पिन पुष्कळ केबलमध्ये मुळातच नसते, ती तुटली असे समजून आम्ही एक चांगली केबल टाकून दिली, हेही कबूल करावयास हवे.) एचडीएमआयमध्ये मात्र एक अधिकची सोय आहे. १८ व्या तारेवरून संगणक ५ व्होल्ट देतो आणि १९ व्या तारेवरून मॉनिटर ‘मी आलो’ असे कळवितो. व्हीजीएत अशी वर्दी देणारी तार नाही. त्यामुळे सुरू होताना ज्याला मॉनिटर दिसला नाही, तो जुना संगणक नंतर खटका फिरविला तरी कधीकधी चित्र पाठवीतच नाही. साध्या पेटीत एका वेळी एकच संगणक खऱ्या अर्थाने जोडलेला असतो. दुसऱ्याच्या लेखी मॉनिटर काढून नेलेला असतो. माहिती वाचता आली नाही, तर चित्र येते पण अक्षरे मोठी व पसरट दिसतात. ते त्याच व्याधीचे सौम्य रूप होय.

पहिली परीक्षा नाडीची! खटक्याबरोबर कीबोर्डही त्याच संगणकाकडे गेला आहे ना, हे पाहून कॅप्स लॉक दाबावे. दिवा लागत व विझत असेल, तर संगणक जिवंत आहे. त्याचा वीजपुरवठा तोडू नये. बटण एकदाच हलके दाबल्यास, तशी सेटिंग असेल तर, तो रीतसर बंद होतो. चारएक सेकंद दाबून धरणे म्हणजे वीज हिसकावून घेणे. नव्या संगणकावर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकत्र दाबल्या की चित्रव्यवस्था नव्याने सुरू होते व काम उघडेच राहते. विंडोज ७ मध्ये ही सोय नाही.

त्यानंतर उपशय–अनुपशय. पेटी वगळून मॉनिटर थेट संगणकाला जोडावा. चित्र आले, तर दोष पेटीत अथवा तिच्या केबलमध्ये. न आल्यास मॉनिटरच्या मेनूतून इनपुट स्वतः निवडावे, कारण स्वयंचलित निवड दुसऱ्या संगणकाकडे वळलेली असू शकते. तरीही न आल्यास मॉनिटरची वीज भिंतीपासून काढून मिनिटभर थांबावे. एका वेळी एकच बदल करावा. आम्ही केबल व मॉनिटर एकदम बदलले आणि काहीच सिद्ध झाले नाही.

एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाताना नुसती तार जोडणारा जोड चालत नाही. अंकीय संकेताचे रूपांतर करणारे यंत्रच लागते. डिस्प्लेपोर्टवर मॉनिटर बंद केला तरी कित्येकदा संगणक त्यास गेलेला मानतो व खिडक्यांची जागा बदलते. विंडोज ११ च्या डिस्प्ले विभागात खिडक्यांची जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवावा.

खरेदी करणाऱ्यांनी ईडीआयडी जपून ठेवणारा केव्हीएम स्विच मागावा. असा स्विच मॉनिटरची माहिती दोन्ही संगणकांना सतत पुरवितो, त्यामुळे खटका कोठेही असला तरी दोघांनाही मॉनिटर जोडलेलाच भासतो. तो साध्या पेटीपेक्षा महाग पडतो, तथापि आम्ही अकारण घेतलेल्या मॉनिटरपेक्षा स्वस्तच पडला असता. तूर्त आमचे काम जुन्याच पेटीवर चालू आहे. तिच्यावर चिठ्ठी डकविली आहे : आधी खटका, मग संगणक. साठ्याची प्रत मात्र आता रोज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी पेन ड्राइव्हवर घेतली जाते आणि तो पेन ड्राइव्ह साहाय्यक नव्हे, आम्ही स्वतः घरी नेतो.