नावापुरतं मांजर

पहाटे तीनच्या सुमाराला पार्किंगच्या कॅमेऱ्यासमोर एक लांबट, काळपट प्राणी पाण्याच्या पाइपावरून सरसर खाली उतरतो. सकाळी ती क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर येते आणि चहा होईपर्यंत तीन मतं पडतात: बिबट्याचं पिल्लू, थोराड मुंगूस, मसण्याऊद. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे हेच झालं. तिसरं मत बरोबर होतं आणि सगळ्यांत जास्त घबराटही त्याच नावाने पसरली. मसणातला प्राणी, प्रेतं उकरून खातो, मुलांना संध्याकाळी खाली सोडू नका, असे निरोप दुपारपर्यंत फिरत होते.

मसण्याऊद प्रेतं उकरत नाही. त्याच्या नख्या वाकड्या, अणकुचीदार, झाडावर चढण्यासाठीच्या असतात. त्याचं मुख्य खाणं फळं. उंबर, जांभूळ, चिकू, केळी, भेरली माडाची फळं. जोडीला किडे, गोगलगायी, उंदीर, सरडे, पक्ष्यांची अंडी. खुराडं उघडं राहिलं तर कोंबडीचं पिल्लू उचलतो, ही तक्रार खरी आहे. माडाला लावलेल्या मडक्यातली माडीही पितो. इंग्रजीत त्याला ताडीचं मांजर म्हणतात ते त्यामुळेच. तो मसणवटीत दिसतो याचं कारण मला तरी साधं वाटतं: गावातले जुने वड, पिंपळ आणि उंबर अनेकदा तिथेच टिकून असतात. फळं जिथे, तिथे तो.

याच प्राण्याला उदमांजर म्हणतात, कोकणात कांडेचोरही म्हणतात. आणि हे ‘मांजर’ सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे. आपल्या भाषेने बऱ्याच अनोळखी प्राण्यांना मांजर म्हणून घरचं करून टाकलं. उदमांजर, जवादी मांजर, पाणमांजर, खवले मांजर. या चौघांतलं एकही मांजर नाही. पहिले दोघे मांजरांच्या कुळाहून वेगळ्याच एका कुळातले. पाणमांजर नदीतलं, मासे खाणारं. त्याचं नातं चांदी अस्वलाशी. खवले मांजराला तर दातच नाहीत, ते लांब जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपतं. उलट वाघाटी, जिच्या नावात वाघ आहे, ती खरीखुरी मांजर. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेली असूनही वजनाला जेमतेम एक ते दीड किलो.

नाव फक्त आपणच चुकवलं असं नाही. उदमांजराचं शास्त्रीय नाव, १७७७ साली दिलेलं, त्याला उभयलिंगी ठरवतं. नर आणि मादी दोघांच्याही शेपटीखाली गंधग्रंथी असतात आणि त्या वृषणांसारख्या दिसतात, एवढाच तो घोळ. नर नरच असतो आणि मादी मादीच. याच ग्रंथींच्या वासावरून बंगालमध्ये त्याला गंधगोकुल म्हणतात. सुगंधी तांदूळ शिजल्यासारखा वास, अशी तिकडची ओळख आहे. अपरात्री माळ्यावरून शिजल्या भाताचा वास आला, तर वर पाहुणा कोण आहे ते कळायला हरकत नाही.

मग ओळखायचं कसं? मी सांगेन, तोंडाकडे नंतर बघा, आधी शेपटी बघा. शेपटी जवळजवळ अंगाइतकी लांब आणि पुढे सगळी काळपट, एकही कडं नाही, तर ते उदमांजर. शेपटीवर काळ्या-पांढऱ्या कड्यांची रांग असेल तर ती जवादी. ती बहुतेक जमिनीवरच वावरते, पाइपावर आणि कौलांवर क्वचित. नंतर थोबाड. बिबट्याच्या पिल्लाचं तोंड गोल आणि आखूड असतं, पंजे शरीराच्या मानाने जड. उदमांजराचं तोंड लांबुळकं, डोळ्यांभोवती काळा मुखवटा आणि डोळ्याखाली पांढरट डाग. मुंगूस दिवसा हिंडतं. रात्री तीनला पाइपावरून उतरणारं मुंगूस मी अजून पाहिलेलं नाही.

रात्रीच्या कॅमेऱ्यावर मात्र फार विसंबू नये. त्या प्रकाशात रंग उरत नाहीत, अंगावरचे ठिपके पुसट होतात आणि डोळे दिव्यासारखे चमकतात, म्हणून साधा प्राणीही भुतासारखा दिसतो. आकाराचा अंदाज तर हमखास फसतो. दुसऱ्या दिवशी त्याच जागी वीट ठेवा आणि त्याच कॅमेऱ्यातून बघा. उदमांजर शेपटी सोडून साधारण अर्धा मीटर लांब, वजन दोन ते पाच किलो. शेजारचा बोका जवळपास तेवढाच असतो. ओल्या मातीत ठसे मिळाले तर आणखी सोपं: मांजराच्या ठशात चार बोटं उमटतात, उदमांजराला पाच असतात. आणि गच्चीच्या कठड्यावर, एकाच जागी, अख्ख्या बिया असलेली विष्ठा दिसली तर दुसरा पुरावा लागत नाही. त्या बिया उगवतात. गावाबाहेरची कितीतरी झाडं याच प्राण्याने पेरलेली असतात.

उदमांजर रोग पसरवतं, हाही निरोप फिरतो. त्याचा धागा २००३ सालच्या सार्सच्या साथीशी जोडलेला आहे. दक्षिण चीनच्या बाजारांत विषाणू ज्या प्राण्यात सापडला तो याचा भाऊबंद, पण जात वेगळी. आणि विषाणूचं मूळ वटवाघळांत निघालं. उदमांजर चावलं तर मात्र कोणत्याही सस्तन प्राण्याच्या चाव्याइतकंच गंभीर घ्यायचं: साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. ते आपण होऊन अंगावर येत नाही. चावा बसतो तो बहुधा कोपऱ्यात कोंडून काठीने डिवचल्यावर.

उसाच्या फडातही ओळखण्यात अशीच चूक होते. तोडणी चालू असताना ठिपक्यांची पिल्लं सापडतात आणि लगेच बिबट्या म्हणून आरडाओरडा होतो. कधी ती खरंच बिबट्याची असतात, कधी वाघाटीची. कळवळ्याने कोणी ती घरी नेऊन दूध पाजतं. यातलं काहीच करू नये. आई बहुतेक वेळा जवळच असते आणि रात्री परत येते. वनखात्याची माणसं पिल्लं त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि अंधारात आई ती उचलून नेते. वनखात्याचा क्रमांक १९२६.

माळ्यावरही हेच लागू. उदमांजर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. सापळा लावून पकडणं, लांब नेऊन सोडणं हा गुन्हा ठरतो. त्याचा उपयोगही नसतो, कारण भोक उघडं आणि चिकूचं झाड दारात, म्हणजे महिन्याभरात दुसरं येतं. भोक बुजवायचंच असेल तर दिवसा बुजवू नका, तेव्हा ते आत झोपलेलं असतं. पिल्लांची चिवचिव ऐकू येत असेल तर ती आईमागे बाहेर हिंडू लागेपर्यंत दोन-तीन महिने थांबा. नंतर भोकाच्या तोंडाशी पिठाचा पातळ थर पसरा. अंधार पडल्यावर पाऊलखुणा बाहेरच्या दिशेने गेलेल्या दिसल्या आणि आत सामसूम असली, की जाळी ठोका.