दूध आणायच्या वाटेवर

आमचा धाकटा आठवीत आहे. सहामाहीत त्याला गणितात शंभरपैकी 31 गुण पडले, आणि ते आम्हाला सोळा दिवसांनी कळले. प्रगतिपुस्तकावर सही होती. ती माझी नव्हती.

त्या रात्री मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. जेवणाआधीची प्रार्थना मीच केली होती आणि ताटे वाढून होईपर्यंत माझा आवाज शेजारच्या क्वार्टरपर्यंत पोचला होता. नंतर चार दिवस पोरगा माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढेच बोलला. आईशी मात्र नीट बोलत होता. त्याचेच जास्त वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो, ती लूकच्या दुसऱ्या अध्यायातली हकिकत आपल्याला संडे स्कूलपासून ठाऊक आहे. मला त्यात आजवर मंदिरातला मुलगाच दिसायचा. या वेळी आईबाप दिसले. मुलगा सोबतच्या घोळक्यात असेल असे धरून ते एक दिवसाची वाट चालून गेले! आमचा तर आतल्या खोलीतच होता, आणि मी सोळा दिवस चालत राहिलो.

पाचव्या दिवशी सकाळी त्याला सांची पार्लरवर दूध आणायला बरोबर नेले. 'उपदेश करू नका हं,' असे मंडळींनी दारातच बजावले होते. टी. टी. नगरात आता जुनी सरकारी क्वार्टरे पाडून उंच इमारती उठताहेत, त्यांच्याकडे बघत आम्ही गुमान चाललो. जाताना मी एवढेच म्हणालो, 'मी ओरडलो ते चुकलं. तू सही केलीस तेही चुकलंच.' तो काही बोलला नाही. परतताना आपणहून सांगू लागला, की समीकरणे सुरू झाल्यापासून काही कळत नाही आणि वर्गात विचारले की पोरे हसतात. हे सगळे हिंदीत. मनातले बोलायचे झाले की आमची भोपाळची मुले हिंदीवर येतात. एरवी मी टोकतो, त्या दिवशी टोकले नाही.

तेव्हापासून दूध आम्ही दोघे आणतो. जाऊन-येऊन वीस मिनिटे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याच्या वेळा सांगितल्या आहेत त्या घरी बसल्याच्या, वाटेने चालतानाच्या, निजतानाच्या आणि उठतानाच्या. मी शिकवणी लावून मोकळा झालो होतो.

रात्री जेवताना सगळ्यांचे मोबाइल फ्रिजवर ठेवतो. आज आपले काय चुकले, ते प्रत्येकाने सांगायचे, सुरुवात माझ्यापासून. पहिल्या दिवशी जड गेले. ऑफिसातली फजिती पोरांपुढे कशी सांगायची? पण लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त टिळकांचा संताप झाकला नाही आणि स्वतःच्या फजित्याही झाकल्या नाहीत; म्हणून त्या दोघांबद्दलचा आदर काही कमी झाला का? थोरली मात्र अजून 'माझं काही चुकलंच नाही' म्हणून निसटते. असो.

सहीचे त्याने वर्गशिक्षकांना स्वतः जाऊन सांगितले. मी दाराबाहेर उभा होतो. गणितासाठी आमच्या मंडळीतला एक कॉलेजातला मुलगा आठवड्यातून दोनदा बसतो.

परवाच्या चाचणीत वीसपैकी 9 पडले. कमीच आहेत. पेपर त्याने त्याच संध्याकाळी दाखवला.