लिनक्स प्रणालीतील मराठी मजकुराच्या संकेतनविषयक अडचणी व त्यांचे निराकरण

महाविद्यालयातील जुनी प्रश्नपत्रिका वा शोधप्रबंधाचे टंकलिखित लिनक्स प्रणालीत उघडल्यावर पुष्कळदा देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. 'फॉन्ट नाही' असे निदान तत्काळ केले जाते. वस्तुतः या बिघाडामागे दोन सर्वस्वी भिन्न कारणे संभवतात आणि एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही.

पहिल्या प्रकारात मजकूर युनिकोडमध्येच असतो. चूक वाचनाची असते. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते. 'म' म्हणजे २२४, १६४ व १७४. हेच बाइट आयएसओ ८८५९-१ या पश्चिम युरोपीय संकेतनानुसार वाचल्यास एका 'म'च्या जागी स्वराघातयुक्त रोमन अक्षर, चलनाचे चिन्ह व नोंदणीकृत व्यापारचिन्ह उमटते. तेच स्वराघातयुक्त अक्षर पुनःपुन्हा येणे ही या बिघाडाची खूण होय. यूटीएफ-८ निवडून फाइल पुन्हा उघडली की काम भागते. मात्र ती चिन्हे तशीच यूटीएफ-८मध्ये जतन केल्यास ३ बाइटांचे ६ होतात. तरीही 'आयकॉन्व्ह' आज्ञेने यूटीएफ-८मधून आयएसओ ८८५९-१मध्ये उलट रूपांतर केल्यास मूळ बाइट परत मिळतात. एखाद्या प्रोग्रामने अनाकलनीय अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे लिहून ठेवली असतील, तर मात्र तो मजकूर गेला. दुरुस्तीपूर्वी फाइलची प्रत काढणे अत्यावश्यक ठरते ते यामुळेच.

दुसऱ्या प्रकारात फाइलमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतेच. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असतात. 'म' १०१ या क्रमांकावर, म्हणजे लहान रोमन 'ई'च्या जागी असतो. आयकॉन्व्हला फॉन्टची जाण नसल्याने ती येथे निरुपयोगी ठरते. त्या विशिष्ट फॉन्टसाठी केलेला परिवर्तक लागतो, आणि त्यानेही केवळ चिन्हामागे चिन्ह बदलून भागत नाही. 'वार्षिक' या शब्दात जुना फॉन्ट ऱ्हस्व वेलांटी 'ष'च्या आधी व रफार नंतर साठवितो. युनिकोडचा क्रम नेमका उलट, म्हणजे 'र्' आधी, मग 'ष' आणि शेवटी वेलांटी. हिंदीसाठी रचलेल्या परिवर्तकात 'दुसऱ्या', 'कऱ्हाड' यांतील अर्ध्या 'र'ची सोय नसल्यास असे शब्द मोडतात. त्यामुळे रूपांतरानंतर प्रथम हेच शब्द तपासावेत. वर्तनी-तपासनीसावर विसंबू नये, कारण विशेषनामे त्याच्या कोशात बहुधा नसतात.