डॉ. हेन्री कार्टर : आकृत्यांपासून अनवाणी पायांपर्यंत

‘ग्रेज अ‍ॅनॅटॉमी’ हा शरीररचनेचा ग्रंथ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत सर्वत्र प्रसिद्ध आहे. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या या ग्रंथातील ३६३ आकृत्या डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी काढल्या. लेखक ग्रे यांना दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड ठरले, तर कार्टर यांना एकदाच दीडशे पौंड मिळाले. शीर्षकपृष्ठावरील कार्टर यांचे नावही ग्रे यांनी लहान टाइपात घ्यायला लावले.

वास्तविक ग्रंथाची अर्धी किमया या आकृत्यांतच होती. पूर्वीच्या पुष्कळ पुस्तकांत चित्रावर नुसते अंक असत आणि नावे खाली शोधावी लागत. कार्टर यांनी हाडाचे नाव हाडावर आणि स्नायूचे नाव स्नायूवरच लिहिले. विद्यार्थ्याची अडचण ओळखणारा हा शिक्षकच नव्हे काय ?

ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा कार्टर हिंदुस्थानात आले होते. १८४५ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचना व शरीरक्रिया हे विषय शिकवू लागले. पुढे काही वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. १८८८ मध्ये ते निवृत्त झाले व १८९७ मध्ये इंग्लंडात वारले.

मुंबईत त्यांचे लक्ष एका विचित्र रोगाकडे गेले. त्यात पाय सुजतो, त्याला छिद्रे पडतात व त्यांतून बारीक दाणे बाहेर येतात. वर्षानुवर्षे न दुखता तो वाढतो आणि शेवटी पाय कापण्याची पाळी येते. कार्टर यांनी ते दाणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले व रोगाचे मूळ बुरशीत असल्याचे दाखविले. १८७४ साली त्यांनी त्यावर ग्रंथही लिहिला. काही प्रकार जीवाणूंमुळे होतात, हे पुढे कळले. मातीतील हे जंतू काट्याच्या जखमेतून शरीरात शिरतात. म्हणून हा रोग मुख्यतः अनवाणी राबणाऱ्यांचा आहे.

आमच्यासारख्या घरांत, जिथे मॅट्रिकपुढे कोणी गेलेले नाही, डवऱ्यामागे अनवाणी चालणे ही रीतच असते. रुतलेला काटा सुईने काढायचा आणि पुन्हा तासाला लागायचे ! हे पाय कोणी मोठ्या विद्वानाने अभ्यासले असतील, असे आमच्या मनातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तरी या रोगाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले ते २०१६ साली.

कार्टर यांनी या रोगाला ‘मायसेटोमा’ असे नाव दिले. ज्यांचे स्वतःचे नाव लहान टाइपात छापले गेले, त्यांनी दिलेले हे नाव आजही जगभर चालते.