पोटाखालचं डिझेल

महाड-पोलादपूरकरांना गाडी गाठायची तर बहुतेकदा वीर स्टेशन. कोकण रेल्वे इथे एकेरी होती तेव्हा क्रॉसिंगसाठी थांबलेल्या गाडीचं इंजिन जागच्या जागी धडधडत राहायचं. त्या धडधडीची किंमत ऐकून थक्क व्हायला होतं!

मालगाडी ओढणाऱ्या डब्ल्यूडीजी-४ इंजिनाच्या पोटाखाली ६,००० लिटरची टाकी असते. भरली की नुसतं डिझेलच पाच टन. असं इंजिन उभ्याउभ्या तासाला पंचवीसेक लिटर पितं. मग बंद का करत नाहीत? ब्रेकची हवा टिकवायची असते, बॅटऱ्या भरलेल्या ठेवायच्या असतात. यावरचा उपाय मला फार आवडतो: मोठ्या इंजिनाच्या आतच एक छोटं इंजिन बसवलं. थांबलं की मोठं बंद, छोटं सुरू. खर्च तासाला तीनेक लिटर. ऑगस्ट २०२१मध्ये रोहा-वीर मार्ग दुहेरी झाला, तेव्हा या टापूतलं थांबणंच कमी झालं.

डिझेल वाचवण्याची सुरुवात मात्र रूळ टाकतानाच झाली होती. कशेडीचा घाट ट्रकचालकांना विचारा! रेल्वेनं तो डोंगर नातूवाडीच्या चार किलोमीटरहून लांब बोगद्यानं भेदला आणि चढ दीडशे मीटरला एक मीटर इतकाच ठेवला. म्हणून १९९९पासून कोलाडला रो-रो गाडीवर चढलेले ट्रक इंजिन बंद ठेवून गोव्यातल्या वेर्ण्याला पोचतात.

एक नुकसान मात्र डिझेल इंजिनाला टाळता येत नाही. उतारावर त्याच्या मोटारी उलट वीज तयार करून चाकांचा वेग आवरतात. पण ती वीज टाकीत परत कशी घालणार? उष्णता होऊन ती हवेत जाते. विजेवरचं आधुनिक इंजिन तीच वीज वरच्या तारेला देतं आणि चढावरची दुसरी गाडी ती वापरू शकते.

मार्च २०२२मध्ये मुंबईत रेल्वेसारख्या घाऊक ग्राहकांसाठी डिझेल लिटरला १२२ रुपयांवर गेलं. पंपावर ते ९४ला होतं. त्याच महिन्यात कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. खर्च सुमारे १,२८७ कोटी, वर्षाला अपेक्षित बचत दीडशे कोटींच्या घरात.

तरी डिझेल इंजिन मोडीत काढून चालणार नाही. पावसाळ्यात दरड कोसळून तार तुटली, तर मदतीची गाडी ओढायला स्वतःचं इंधन पोटाशी बाळगणारं इंजिनच लागतं.