काचेच्या पेटीतील वतनदार



वसंत व्याख्यानमालेत राज्यघटना, संतवाङ्मय आणि अर्थकारण यांच्या पंक्तीला मासे येऊन बसलेले पाहून कोणास नवल वाटेल. परंतु आजचा आमचा विषय वरवर माशांचा असला तरी मुळात तो जागेचा आहे, आणि जागेचा तंटा म्हणजे काय हे महाराष्ट्रात कोणास समजावून सांगावे लागत नाही. शेजाऱ्याने नांगराच्या एका तासाने बांध कोरला म्हणून दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवणारी माणसे आपण पाहिली आहेत. तोच खटला काचेच्या पेटीत, पाण्याखाली कसा चालतो आणि तो तडजोडीने कसा मिटवता येतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

शहरातील पुष्कळ घरांत हल्ली दिवाणखान्यात मत्स्यपेटी असते. तीत पूर्वी गप्पी, मोली, एंजल असे मासे दिसत. आता निळेजर्द, पिवळेधमक, पट्ट्यापट्ट्यांचे आफ्रिकन मासे दिसतात. त्यांची हकीकत बहुधा ठरलेली असते. दुकानातून हौसेने आठ पिले येतात. पहिले काही आठवडे सारे आलबेल असते. मग एक मासा मोठा होतो, रंगाने खुलतो आणि पेटीचा अर्धा भाग आपला म्हणू लागतो. बाकीचे वरच्या कोपऱ्यात, गाळणीच्या नळीमागे, फाटक्या परांनिशी लोंबकळू लागतात. एकेक करून ते जातात. बहुतेक वेळा ते चाव्याने मरत नाहीत. अन्नापर्यंत पोहोचता येत नाही, क्षणाची उसंत मिळत नाही, त्याने ते झिजून मरतात. घरचे लोक म्हणतात, "हा मासाच दुष्ट." आणि दुकानात जाऊन आणखी दोन पिले आणतात. ती दोन पिले तर आठवडाही काढत नाहीत.

मासा दुष्ट नाही. हे पटण्यासाठी त्याचे मूळ गाव पाहिले पाहिजे.

या माशांच्या कुळाला सिक्लिड असे म्हणतात. कुळ परके वाटले तरी त्यातले दोन सभासद आपल्या परिचयाचे आहेत. बाजारात मिळणारी चिलापी, म्हणजेच तिलापिया, ही सिक्लिडच. आफ्रिकेतील ही जात १९५२ साली भारतात आणली गेली आणि आज उजनीच्या जलाशयापासून गावतळ्यांपर्यंत ती सर्वत्र आहे. तिचा नर तळाशी खड्डा उकरून त्याची राखण करतो आणि मादी अंडी तोंडात धरून उबवते. दुसरा आप्त गोव्याच्या खाडीतला, कालुंदर. केरळात त्यालाच करिमीन म्हणतात. तो मात्र अस्सल भारतीय. भारतात मूळच्या अशा सिक्लिडच्या जाती अवघ्या तीन. पैकी नारिंगी क्रोमाइड नावाच्या चिमुकल्या माशाची गंमत अशी की तो कालुंदराच्या अंगावरचे परोपजीवी जंतू टिपून त्याची सेवाही करतो आणि संधी मिळताच त्याची अंडी-पिलेही खातो. शेजारधर्माचा हा प्रकार आपल्यापैकी कित्येकांच्या अनुभवाचा असेल. असो.

आपल्या दिवाणखान्यातले रंगीत मासे मात्र बहुतांशी आफ्रिकेतील मलावी सरोवराचे. हे सरोवर मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांत पसरलेले असून सुमारे ७०० मीटर खोल आहे. त्याच्या काठाशी पाण्यात खडकांच्या राशी आहेत. त्या खडकांवर शेवाळाचा दाट थर वाढतो आणि तो थर खरवडून खाणाऱ्या माशांचा एक मोठा वर्ग तिथे नांदतो. स्थानिक लोक त्यांना म्हणतात 'म्बुना'. या खडकाळ वस्तीत नर आपली एक कपार आणि तिच्याभोवतीचा खडकाचा तुकडा धरून बसतो. ते त्याचे वतन. मादीला तो तेथे बोलावतो, अंडी तेथेच पडतात, आणि वतनातल्या शेवाळाचीही तो राखण करतो. आगंतुकाला तो हाकलतो. पण कोणाला किती हाकलावे याचा त्याच्यापाशी हिशेब असतो. भिन्न रंगाच्या, भिन्न जातीच्या वाटसरूकडे तो पुष्कळदा काणाडोळा करतो. आपल्याच जातीच्या आणि आपल्याच रंगाच्या नरावर मात्र तो तुटून पडतो. आपल्या भाषेत याला भाऊबंदकी म्हणतात. जो वाटा मागू शकतो त्याचीच भीती अधिक.

आता महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. सरोवरात हरलेला नर चार हात दूर पळाला की तंटा मिटतो. वतनदार त्याचा पाठलाग हद्दीपुरताच करतो आणि परत फिरतो. घरच्या पेटीत हरलेल्याने पळावे कोठे? तो काचेला आपटतो आणि वतनदाराच्या डोळ्यांसमोरच राहतो. वतनदाराला वाटते, हा अजून गेलाच नाही. म्हणून तो पुन्हा धावतो. सरोवरात जी वागणूक रक्तपात टाळते, तीच पेटीत जीव घेते. दोष स्वभावाचा नाही, चार फुटांच्या काचेचा आहे.

प्राणिवर्तनाच्या शास्त्राने या हद्दींचा चांगला अभ्यास केला आहे. डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी स्टिकलबॅक नावाच्या माशाचे दोन शेजारी नर दोन काचनळ्यांत घातले. दोन्ही नळ्या पहिल्याच्या हद्दीत नेल्या की पहिला चाल करून येई आणि दुसरा पळ काढू पाही. त्याच नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या की पारडे उलटे फिरे. मासे तेच, बळ तेच, फरक जागेचा. आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो, याचा हा प्रयोगसिद्ध दाखला. टिनबर्गन यांच्याबरोबर १९७३ साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्या कोनराड लोरेन्झ यांनी आपल्या १९६३ सालच्या ग्रंथात सिक्लिडांविषयी हेच सांगितले आहे. वतनाच्या मध्यावर माशाची लढण्याची उमेद सर्वाधिक असते आणि तो जसजसा बाहेर जातो तसतशी ती ओसरते. दोन शेजाऱ्यांच्या उमेदी जेथे समसमान होतात तेथे बांध पडतो.

यावरून पेटीत शांतता आणण्याचे दोन मार्ग निघतात. एक, बांध पडू द्यावेत. दुसरा, बांध पडूच देऊ नयेत. मधला मार्ग, म्हणजे मोठ्या रिकाम्या पेटीत पाच-सहा मासे, हाच सर्वांत घातक. आणि आपले लोक दयाबुद्धीने नेमका तोच धरतात.

पहिल्या मार्गासाठी दगड हवेत. थोडे नव्हेत, पुष्कळ. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीत सुमारे २५० लिटर पाणी मावते. तीत मागच्या बाजूने जवळजवळ पाण्याच्या पातळीपर्यंत दगडांची रास रचावी. आपला काळा पाषाण धुऊन घेतला की याला उत्तम. रचना अशी हवी की कपारी भरपूर होतील, बहुतेक कपारींना दोन तोंडे असतील आणि पेटीच्या एका टोकाकडून दुसरे टोक दिसणार नाही. नजरेआड झालेला मासा वतनदाराच्या लेखी गेलेला असतो. येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. दगड आधी तळावर पक्के बसवावेत आणि मग वाळू घालावी. हे मासे वाळू उकरतात; वाळूवर रचलेली रास ढासळली तर मासा दबतो किंवा काच फुटते. तसेच पाणी आणि दगड मिळून भार ३०० किलोंच्या घरात जातो, तेव्हा पेटी कशावर ठेवता याचाही विचार व्हावा.

दुसरा मार्ग ऐकताना उलटा वाटतो. म्बुनांची संख्या वाढवली की भांडणे कमी होतात. मुंबईच्या लोकलचा डबा डोळ्यांपुढे आणा. रिकाम्या डब्यात एक गृहस्थ बाकावर ऐसपैस पथारी पसरतो आणि कोणी शेजारी टेकला तर त्याच्या कपाळाला आठी पडते. तोच डबा खचाखच भरला की तोच गृहस्थ निमूटपणे सरकून चौथ्याला सीट देतो. माशांचेही तसेच. वीस मासे सतत इकडून तिकडे जात असले की वतनदार एकाचा पाठलाग सुरू करतो तोच दुसरा मध्ये येतो. राग वाटला जातो, एकाच्याच जिवावर येत नाही. आणि हद्द राखणे इतके महाग पडते की नर ती आखडती घेतो. वर सांगितलेल्या पेटीत पंधरा ते वीस म्बुना, तीन-चार भिन्न जातींचे आणि भिन्न रंगांचे, हे प्रमाण साधारणतः चालते. एका नरामागे तीन तरी माद्या असाव्यात. पिले असताना नर-मादी ओळखू येत नाहीत, म्हणून प्रत्येक जातीची सहा-आठ पिले एकदमच आणून एकत्र वाढवावीत आणि जादा नर ओळखू येतील तसे बाजूला काढावेत. नवशिक्याने यलो लॅब ही तुलनेने सौम्य जात घ्यावी. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या सुंदर ऑरेटसच्या मोहात पडू नये; त्याच्याइतका तंटेखोर म्बुना विरळा.

पण गर्दी फुकट मिळत नाही. वीस माशांची घाण म्हणजे विषारी अमोनिया. गाळणीत वाढणारे जंतू त्याचे नायट्राइट आणि मग पुष्कळ कमी अपायकारक असे नायट्रेट करतात. हे जंतू रुजण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत मासे सोडू नयेत. पुढे दर आठवड्यास पाव ते एकतृतीयांश पाणी बदलावे, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावा. पाण्याचा सामू ७·७ ते ८·६ असावा. साबणाला फेस न येणारे आपल्याकडचे जड पाणी, ज्याच्या नावाने गृहिणी बोटे मोडतात, ते या माशांना मानवते. आणि वीज! ऐन वैशाखात दुपारी वीज गेली की गरम पाण्यात आधीच कमी विरघळलेला प्राणवायू वीस मासे बघता बघता संपवतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात नसेल तर गर्दीचा मार्ग धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अन्नाचाही थोडा विचार. शेवाळ खाणाऱ्या या माशांचे आतडे लांब असते. दुकानात मिळणारे जिवंत किडे त्यांना वारंवार घातले तर पोट फुगून ते मरतात. स्पिरुलिनाच्या गोळ्या, दिवसातून दोनदा, थोड्या थोड्या आणि पेटीभर विखरून टाकाव्यात. एकाच कोपऱ्यात टाकल्या तर तो कोपरा लगेच कोणाच्या तरी मालकीचा होतो.

नवा मासा आणावयाचा झाला तर एकटा कधीही आणू नये. तीन-चार आणावेत, आणि ते जुन्यांपेक्षा फार लहान नसावेत. सोडण्यापूर्वी दगडांची रास मोडून नव्याने रचावी. म्हणजे जुन्यांचे बांध पुसले जातात आणि सगळेच नव्या वस्तीत नवखे ठरतात. सोडताना दिवा मालवलेला असावा.

एवढे करूनही एखादा दांडगा निघतोच. अशा वेळी लोक मार खाणाऱ्याला दया येऊन बाहेर काढतात. त्याने काही साधत नाही. दांडगा दुसरे गिऱ्हाईक शोधतो. बाहेर काढावयाचे ते दांडग्यालाच. आठ-दहा दिवस त्याला वेगळ्या पेटीत ठेवावे. तेवढ्यात त्याची जागा वाटली जाते, आणि परत येतो तेव्हा तो वतनदार नसतो, पाहुणा असतो. क्वचित एखाद्याला दोन-तीनदा असे करावे लागते.

हे सारे म्बुनांपुरते आहे. जोडीने राहून पिले सांभाळणारे सिक्लिड, उदाहरणार्थ पट्टेदार कॉन्व्हिक्ट, यांना गर्दीचा उपाय लागू पडत नाही. अंडी घातलेली जोडी सबंध पेटी रिकामी करून घेते. तिला स्वतंत्र बिऱ्हाडच द्यावे. आणि कपाळावर टेंगूळ असलेला, शुभशकुनाचा म्हणून महाग विकला जाणारा फ्लॉवरहॉर्न हा तर माणसाने संकरातून घडवलेला प्राणी. तो एकटाच ठेवावा. त्याने घरात लक्ष्मी येते की नाही ते विकणाऱ्यास ठाऊक. शेजारी ठेवलेला मासा जातो एवढे खरे.

राहिला प्रश्न काढून टाकलेल्या जादा नरांचा. दुकानदार बहुधा ते परत घेतो, किंवा दुसरा हौशी घेतो. पुष्कळ जण मात्र पुण्य म्हणून ते नदीत किंवा गावतळ्यात नेऊन सोडतात. हे कृपा करून कोणीही करू नये. १९५२ साली आलेली चिलापी आज कोठे कोठे पोहोचली आहे हे आपण पाहतोच, आणि एकदा पाण्यात सुटलेला मासा परत गोळा करता येत नाही.